संशोधनजन्य आज्ञावलीची तांत्रिक सिद्धता : शिरूर-दौंड परिसरातील तीन प्रसंगांच्या आधारे एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे साधन वापरावयास सिद्ध झाले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा व काही अंशी भाषेचाही प्रश्न आहे. 'सिद्ध' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. युक्तिवादाने किंवा प्रयोगाने जे प्रस्थापित झाले ते सिद्ध. आणि कामासाठी जे सज्ज झाले तेही सिद्धच. प्रयोगशाळेतील संशोधक पहिल्या अर्थाने हा शब्द वापरतो, तर शेतकरी, कारकून अथवा धरणावरील अधिकारी दुसऱ्या अर्थाने. संगणकीय आज्ञावलीच्या, म्हणजे रूढ भाषेत सॉफ्टवेअरच्या, बाबतीत या दोन अर्थांमधील अंतर नेमके किती, हे मोजण्याचे काम गेल्या काही दशकांत उद्योग-उबवणी केंद्रांकडे आले आहे. विद्यापीठात वा संशोधनसंस्थेत लिहिलेली आज्ञावली व्यवसायाच्या रूपाने उभी राहू शकेल काय, तिला जागा, भांडवल व मार्गदर्शन द्यावे काय, याचा निर्णय ही केंद्रे करतात. आणि तो करताना एक ते नऊ या आकड्यांपैकी एक आकडा त्या आज्ञावलीपुढे लिहितात.

हा आकडा कोठून आला, तो मुळात कशासाठी योजला होता आणि आज्ञावलीला तो लावताना काय सुटून जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन शेजारच्या तालुक्यांशी निगडित असलेले तीन प्रसंग घेतले आहेत. पहिला पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा, दुसरा दौंड येथे मोजल्या जाणाऱ्या भीमेच्या पुराच्या अनुमानाचा, आणि तिसरा दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक गावास स्पर्श करणाऱ्या संगणकीकृत सात-बाराचा. या तिहींत आज्ञावलीचा उगम दूरच्या संशोधनात आहे. परंतु तिची खरी परीक्षा मात्र या परिसरात, किंवा यासारख्याच गावांत झाली.

२. मोजपट्टीचा उगम

सिद्धतेच्या पायऱ्यांची कल्पना १९७४ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेतील स्टॅन सॅडिन यांनी प्रथम मांडली. त्यांची मोजपट्टी सात पायऱ्यांची होती. १९८९ साली ती शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली आणि १९९५ साली त्याच संस्थेतील जॉन मॅन्किन्स यांनी नऊ पायऱ्यांचे सविस्तर विवरण केले. तेच आज सर्वत्र रूढ आहे. मूलतत्त्वाचे निरीक्षण ही पहिली पायरी. कल्पनेची मांडणी ही दुसरी. प्रयोगाने तिची शक्यता दाखविणे ही तिसरी. प्रयोगशाळेतील पडताळा ही चौथी. पाचव्या व सहाव्या पायरीवर तोच पडताळा 'संबद्ध परिस्थितीत' घ्यावयाचा असतो, सातव्या पायरीवर प्रत्यक्ष कार्यपरिस्थितीत. आठवीवर परिपूर्ण प्रणाली कसोट्यांस उतरते, आणि नववीवर ती प्रत्यक्ष मोहिमेत यशस्वी झालेली असते.

या मोजपट्टीची गरज का भासली, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. संशोधकाला जे साधले असे वाटते ते मोहीम आखणाऱ्याला विश्वासार्ह वाटत नाही, आणि दोघांत बोलणी करण्यास समान भाषा नाही, ही अडचण त्यामागे होती. म्हणजे मोजपट्टी ही मूलतः संवादाची सोय होती. गुणवत्तेचा तराजू नव्हता. १९९९ साली अमेरिकन शासनाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने संरक्षणखात्याने ती स्वीकारावी अशी शिफारस केली. २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अंतराळ प्रणालींसाठी तिचे मानक काढले. २०१४ पासून युरोपीय संघाच्या संशोधन-अनुदान योजनेत ती आली. भारतातही जैवतंत्रज्ञानातील उद्योगांना साहाय्य देणाऱ्या बायरॅक या संस्थेसारख्या अनुदानदात्या संस्था अर्जदारास त्याची पायरी विचारतात. अंतराळयानाच्या भागांसाठी योजलेले माप अशा रीतीने चाळीस वर्षांत लस, बियाणे व आज्ञावली यांनाही लागू झाले.

मात्र पाचव्या व सहाव्या पायरीवरील 'संबद्ध परिस्थिती' या शब्दांत एक गृहीत दडलेले आहे. अंतराळयानाच्या भागाची संबद्ध परिस्थिती म्हणजे निर्वात पोकळी, टोकाची उष्णता व थंडी, किरणोत्सर्ग आणि उड्डाणाचे हादरे. हे सर्व भौतिक असल्यामुळे एखाद्या बंद कोठीत निर्माण करता येते. आज्ञावलीची परिस्थिती अशी कोठीत निर्माण करता येत नाही. तिच्या परिस्थितीत माणसे असतात, त्यांची लिपी असते, आधीच्या नोंदींतील चुका असतात, आणि तिचे उत्तर न मानण्याचा कुणाला तरी असलेला किंवा नसलेला अधिकार असतो. नासानेही पुढे आपल्या नियमावलीत यंत्रभागांसाठी व आज्ञावलीसाठी पायऱ्यांची स्वतंत्र वर्णने दिली. तथापि उबवणी केंद्रांच्या अर्जांत बहुधा एकच आकडा मागितला जातो.

उबवणी केंद्राचा इतिहासही याच काळातला आहे. १९५९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया या गावी शेतीयंत्रांचा एक बंद पडलेला कारखाना जोसेफ मॅन्कुसो यांनी लहान उद्योगांना भागाभागाने भाड्याने दिला. त्या भाडेकरूंत कोंबडीची पिले उबविणारा एक व्यवसाय होता, आणि त्यावरून संपूर्ण इमारतीलाच विनोदाने 'इन्क्युबेटर' हे नाव पडले. पुणे विद्यापीठात १९८६ साली केंद्रशासनाच्या साहाय्याने विज्ञान व तंत्रज्ञान उद्यान स्थापन झाले. २००७ साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने व्हेंचर सेंटर सुरू झाले. आणि २०१६ नंतर अटल नवोन्मेष अभियानामुळे अशा केंद्रांचे जाळे जिल्ह्याच्या ग्रामीण भागापर्यंत, दौंडच्या शेजारी बारामतीपर्यंत, पोहोचले. म्हणजे ज्यांच्याकरिता आज्ञावली लिहिली जाते आणि जेथे तिची पारख होते, त्या दोन स्थळांमधील अंतर आता पूर्वीइतके राहिलेले नाही. यास्तव पारख कशी करावी हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

३. पाबळ : अपूर्ण साधन गावात नेण्याची रीत

शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातील पाबळ हे अवर्षणप्रवण गाव. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. डॉ. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक असून हिंदुस्थान लिव्हर या कंपनीच्या संशोधन विभागात त्यांची कारकीर्द झाली होती. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचा प्रकल्प म्हणून आश्रमाचे काम सुरू झाले. हाताने काम करीत शिकणे हे त्याचे शैक्षणिक सूत्र. आणि शाळेतील मुलांनी गावाला प्रत्यक्ष सेवा द्यावी, त्या सेवेचा मोबदला घ्यावा, हा त्याचा व्यावहारिक भाग. भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्यासाठी जमिनीचा विद्युत-रोध मोजणारे उपकरण, घुमटाकार घरांची बांधणी, छोटा ट्रॅक्टर अशी अनेक कामे तेथे झाली. उद्योग-उबवणी हा शब्द तेथे कुणी वापरत नव्हते; परंतु तरुणाने साधन करून पाहावे, ते विकून पाहावे आणि त्यावर चरितार्थ चालतो का हे आजमावावे, ही प्रक्रिया तीच होती.

२००२ साली पाबळ येथे फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नील गर्शेनफेल्ड यांच्या केंद्राने आपल्या संस्थेबाहेर उभारलेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ही एक होय. संगणकाने चालणारी लहान कर्तनयंत्रे, विद्युत्परिपथ तयार करण्याची साधने व त्यांस चालविणारी आज्ञावली असा त्या प्रयोगशाळांचा संच होता. यांतील आज्ञावलीचा काही भाग संशोधकांनी स्वतःच्या अध्यापनासाठी लिहिलेला होता. आजच्या मोजपट्टीने पाहता तो फार तर चौथ्या पायरीवरचा म्हणावा लागेल : लिहिणाऱ्याच्या देखरेखीखाली, त्याच्याच प्रयोगशाळेत चालणारा.

पाबळच्या अनुभवाचे वैशिष्ट्य असे, की तेथील गरजांनी संशोधकाच्या कल्पनांना वळण दिले. गर्शेनफेल्ड यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या 'फॅब' या पुस्तकात पाबळचा वृत्तान्त आहे. गावाला हवी होती ती मोजमापाची साधने : दुधाची प्रत तपासण्याचे, डिझेल इंजिनाची जुळणी पारखण्याचे. दुधाच्या भावात शेतकऱ्याची फसगत होते ती मोजमाप दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे. म्हणून मापन हा तेथे तांत्रिक कुतूहलाचा विषय नसून घरच्या जमाखर्चाचा विषय होता. अशा साधनाची अचूकता प्रयोगशाळेत सिद्ध झाली तरी प्रश्न संपत नाही. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता; भाग बिघडला तर तो पुण्यासही मिळेल असे नव्हते; आणि साधन दुरुस्त करणारा तरुण शिकून दुसरीकडे गेला म्हणजे त्याच्याबरोबर त्या साधनाची सिद्धताही निघून जात असे. या शेवटच्या गोष्टीची दखल कोणतीही पायरी घेत नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. अपूर्ण साधन मुद्दाम लवकर गावात नेणे हा पाबळच्या पद्धतीचा दोष नव्हता. उलट तेच तिचे बळ होते. मात्र ते अपूर्ण आहे हे नेणाऱ्यालाही ठाऊक होते आणि वापरणाऱ्यालाही. बिघाड झाला तर तो शिकण्याचा भाग मानला जाई, कारण कुणाचाही हक्क वा उत्पन्न त्या साधनावर अद्याप सर्वस्वी सोपविलेले नव्हते. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात आश्रमाचे कार्य चालू राहिले, आणि ही पद्धत एका व्यक्तीपुरती मर्यादित नव्हती, याचे ते प्रमाण मानता येईल.

४. दौंड : डेन्मार्कचे प्रतिमान आणि भीमेचे पाणी

पाबळ येथे संशोधकाची आज्ञावली गावाच्या गरजेनुसार वळली. दौंडच्या प्रसंगात याच्या उलट स्थिती आहे : तेथे परक्या भूमीत परिपक्व झालेली आज्ञावली स्थानिक नदीला लावावयाची होती.

दौंड शहर भीमेच्या काठी वसले आहे. शहराच्या वरच्या बाजूस मुळा-मुठा भीमेस मिळते. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर, खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, भामा-आसखेड व चासकमान या धरणांच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचे व धरणांतून सोडलेल्या पाण्याचे एकत्रित रूप दौंड येथे दिसते. पावसाळ्यात दौंड येथील विसर्गाच्या आकड्यावरून उजनी जलाशयात किती पाणी येईल याचा अंदाज केला जातो, आणि तो आकडा वृत्तपत्रांतून रोज प्रसिद्ध होतो. पंढरपूरपर्यंतच्या नदीकाठाचे लक्ष त्याकडे असते.

२००५ व २००६ च्या महापुरांनी कृष्णा व भीमा खोऱ्यांत पूर-अनुमानाची निकड अधोरेखित केली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या दुसऱ्या जलविज्ञान प्रकल्पात, म्हणजे २००६ ते २०१४ या काळात, महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने या दोन खोऱ्यांसाठी तत्काल प्रवाह-अनुमान व जलाशय-परिचालनाची प्रणाली उभारण्याचे काम हाती घेतले. पावसाची व नदीपातळीची स्वयंचलित नोंद करणारी केंद्रे हा तिचा एक भाग. आणि डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेची आज्ञावली हा दुसरा.

या आज्ञावलीतील पर्जन्य-अपधाव प्रतिमानाचा इतिहास उद्‌बोधक आहे. 'नाम' हे त्याचे नाव. पर्जन्य व अपधाव या अर्थांच्या डॅनिश शब्दांच्या व प्रतिमान या शब्दाच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे. नील्सन व हान्सेन या संशोधकांनी डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात ते विकसित केले व १९७३ साली प्रसिद्ध केले. पुढे १९६४ साली स्थापन झालेल्या डीएचआय संस्थेने ते आपल्या नदीप्रवाहाच्या आज्ञावलीस जोडले आणि जगभर त्याचा वापर झाला. विद्यापीठातील शोधनिबंध ते जागतिक व्यवसाय असा हा प्रवास आहे. उबवणी केंद्राने आदर्श म्हणून दाखवावा असाच. मोजपट्टीच्या दृष्टीने हे प्रतिमान भीमेपर्यंत पोहोचले तेव्हा निःसंशय नवव्या पायरीवर होते.

तथापि नवव्या पायरीवरचे हे प्रतिमान भीमेच्या खोऱ्यात आल्याबरोबर काही बाबतींत पुन्हा खालच्या पायरीवर उतरले, असे म्हणणे प्राप्त आहे. 'नाम' प्रतिमान पाणलोटातील पाण्याचे चार साठे कल्पिते : हिमाचा, पृष्ठभागाचा, मुळांच्या थराचा व भूजलाचा. भीमेच्या खोऱ्यात हिमाचा साठा कायम रिकामा. डेन्मार्कात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. येथे तो चार महिन्यांत पडतो, आणि तोही असा विषम, की घाटमाथ्यावर अतिवृष्टी होत असता शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेत जमीन कोरडी असते. बेसाल्टच्या थरांतून पाणी मुरण्याची रीतही निराळी. प्रतिमानाचे नऊ प्रमुख गुणांक प्रत्येक पाणलोटासाठी तेथील प्रत्यक्ष नोंदींवरून ठरवावे लागतात. या कामास अंशशोधन म्हणतात. आज्ञावली सिद्ध असली तरी अंशशोधनाविना तिचे उत्तर निरर्थक. आणि अंशशोधन हे सर्वस्वी नदीमापन केंद्रावरील जुन्या, कंटाळवाण्या, रोजच्या नोंदींवर अवलंबून. पट्टीवरची पातळी वाचून वहीत लिहिणारा मापक हा अशा रीतीने आज्ञावलीच्या सिद्धतेचा अप्रत्यक्ष घटक ठरतो, जरी कोणत्याही अर्जात त्याचा उल्लेख नसला तरी.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. दौंड येथील पाणी केवळ पावसाने ठरत नाही. ते धरणाचे दरवाजे किती उघडले यावरही ठरते, आणि तो निर्णय माणसे घेतात. धरण भरून ठेवावे तर उन्हाळ्यात शेती व शहर यांस पाणी मिळते. रिकामे ठेवावे तर पुराला जागा राहते. अनुमान देणाऱ्या आज्ञावलीचे मूल्य म्हणूनच तिच्या अचूकतेइतकेच, अनुमान वेळेवर कुणाच्या हाती पडते व त्यावर निर्णय घेण्याचा त्याला अधिकार आहे काय, यावर अवलंबून असते. पुराच्या रात्री सहा तास आधी मिळालेला थोडा चुकीचा आकडा हा पूर ओसरल्यावर मिळालेल्या अचूक आकड्यापेक्षा नदीकाठच्या वस्तीस अधिक उपयोगी. अचूकता व उपयुक्तता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगावरून दिसून येते.

५. सात-बारा : लिपी, नोंद आणि चावडी

पाबळ व दौंड यांच्या तुलनेने तिसरा प्रसंग दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक खातेदारास स्पर्श करणारा आहे. जमिनीचा गाव नमुना सात व बारा संगणकावर आणण्यापूर्वी मराठी अक्षर संगणकावर येणे आवश्यक होते, आणि ते काम संशोधनातूनच झाले. कानपूर येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७० च्या दशकात देवनागरी लिपीच्या संगणकीय ओळखीवर संशोधन केले. त्याच संस्थेत मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र उभे राहिले. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि जिस्टचे पुढील काम तेथे गेले. १९९१ साली भारतीय लिप्यांचे इस्की हे संकेतमानक प्रसिद्ध झाले. याच परंपरेतील १९८८ च्या मसुद्यावरून युनिकोडमधील देवनागरीची रचना झाली. संशोधनसंस्थेतून विकाससंस्थेत व तेथून कार्यालयांत, असा हा प्रवास उबवणी हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीचा आहे.

केंद्रशासनाची भूमि-अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ साली आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे ती राज्यभर पसरली. या काळात मराठीच्या काही लहान वाटणाऱ्या गरजा मोठ्या ठरल्या. सर्व भारतीय लिप्यांना एकच संकेतव्यवस्था ही इस्कीची कल्पना भाषाशास्त्रीय दृष्ट्या सुंदर होती. परंतु 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा र हिंदीत नाही, मराठीत आहे. युनिकोडमध्ये तो दोन भिन्न रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना यंत्रास ती दोन वेगळी नावे वाटू शकतात. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ साली. तोपर्यंत ते अ व चंद्र यांच्या जोडणीने लिहिले जाई, आणि तसे लिहिलेले जुने मजकूर अद्याप सर्वत्र आहेत. एखाद्या निबंधात अशी चूक क्षम्य असते. जमिनीच्या नोंदीत मात्र ज्याचे नाव शोधूनही सापडत नाही त्याचा व्यवहार, कर्ज किंवा वारसनोंद अडते.

यापुढील गोष्ट लिपीहून मोठी आहे. हस्तलिखित सात-बारा संगणकात उतरविताना नावे, क्षेत्र व हक्क यांत चुका राहिल्या. आज्ञावली आपल्या जागी योग्य रीतीने चालत होती; तिच्यात भरलेला मजकूर सदोष होता. त्या चुका शोधण्यासाठी २०१७ साली राज्यात चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातून काढलेले उतारे गावात वाचून दाखवावयाचे, खातेदारांनी हरकत सांगावयाची, आणि तलाठ्याने मूळ नोंदीशी ताडून दुरुस्ती करावयाची, असे तिचे स्वरूप. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहेच.

चावडीवाचन ही महसूल व्यवस्थेतील जुनी रीत. परंतु आज्ञावलीच्या सिद्धतेच्या इतिहासात तिचे स्थान विशेष आहे. जी परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत घेता आली नसती ती येथे गावासमोर, उच्चारित मराठीत घेतली गेली. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही आपले नाव व आपल्या बांधाचे क्षेत्र ऐकून चूक सांगता आली. ज्ञान वापरणाऱ्याजवळ होते. ते विचारण्याची व्यवस्था तेवढी हवी होती. मात्र ही परीक्षा आज्ञावली कामास लागल्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाली, हेही विसरून चालणार नाही. मधल्या काळातील चुकांचा भार ज्यांनी वाहिला ते खातेदार होते. आज्ञावलीच्या पायरीचा आकडा ठरविण्यात त्यांचा हात नव्हता.

६. निष्कर्ष

वरील तीन प्रसंगांवरून उद्योग-उबवणी केंद्रांच्या पारखपद्धतीविषयी काही अनुमाने काढता येतात.

पहिले असे, की आज्ञावलीची सिद्धता हा केवळ आज्ञावलीचा गुण नाही. ती आज्ञावली व स्थळ यांच्यातील संबंध आहे. डेन्मार्कात नवव्या पायरीवर असलेले प्रतिमान भीमेवर अंशशोधनाच्या पायरीवर येते. म्हणून पायरी लिहिताना 'कोठे' हा शब्द जोडल्याखेरीज आकडा अपुरा राहतो.

दुसरे असे, की सिद्धता घटूही शकते. यानाचा भाग एकदा उड्डाणात यशस्वी झाला की तो सिद्ध राहतो. आज्ञावली मात्र संकेतमानक बदलल्याने, मूळ लेखक निघून गेल्याने अथवा दुरुस्ती करणारा तरुण दुसऱ्या गावी गेल्याने असिद्ध होते. युनिकोडपूर्वीच्या निरनिराळ्या फाँटांत लिहिलेले मराठी मजकूर आज रूपांतराविना वाचता येत नाहीत. हे त्याचे नित्य अनुभवातले उदाहरण. संशोधनजन्य आज्ञावली बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाबरोबर जन्मते व त्याच्या पदवीबरोबर अनाथ होते. ती सांभाळणार कोण, हा प्रश्न पारखणाऱ्याने अचूकतेच्या आधी विचारावयास हवा.

तिसरे, भाषा हा आज्ञावलीचा अलंकार नसून तिच्या कार्यपरिस्थितीचा भाग आहे. मराठी रूप सर्वांत शेवटी, भाषांतर म्हणून जोडावयाचे, ही प्रचलित रीत सात-बाराच्या अनुभवाशी विसंगत आहे. नावांचे लेखन, त्यांचा अनुक्रम व शोध या गोष्टी आज्ञावलीच्या रचनेतच ठरतात. मागाहून त्या दुरुस्त करणे महाग पडते. या ठिकाणी विद्यापीठातील भाषाविभागास पारखमंडळात स्थान असणे युक्त ठरेल.

चौथे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक दाखविण्याचा अधिकार. पाबळच्या तरुणास तो होता, कारण साधन त्याच्या हातात उघडे होते. दौंडच्या विसर्गाचे अनुमान चुकले तर नदी स्वतःच ते दुसऱ्या दिवशी दाखवून देते. सात-बाराच्या खातेदारास तो चावडीवर मिळाला, परंतु उशिरा. ज्या आज्ञावलीचे उत्तर तपासण्याचा मार्ग तिच्यामुळे ज्याचे बरेवाईट होणार त्याच्यासाठी खुला नाही, ती मोजपट्टीवर कितीही वर असली तरी सिद्ध म्हणता येणार नाही.

या निष्कर्षांवर एक आक्षेप संभवतो. इतकी कठोर पारख लावली तर कोणतीही आज्ञावली प्रयोगशाळेबाहेर पडणार नाही, आणि उबवणी केंद्राचा हेतूच विफल होईल. या आक्षेपाचे उत्तर पाबळनेच दिले आहे. अपूर्ण वस्तू लोकांत नेण्यात बाध नाही. ती पूर्ण आहे असे सांगून नेण्यात आहे. ही मोजपट्टी १९७४ साली संशोधक व मोहीम आखणारा यांच्यातील प्रामाणिक संवादासाठी निर्माण झाली होती. त्या संवादात तिसरा पक्ष, म्हणजे वापरणारा, आणल्यास ती आजही उपयोगी आहे. अर्जावर चांगला दिसणारा आकडा एवढेच तिचे रूप उरले, तर पायरीचा आकडा वाढेल, पण 'सिद्ध' या शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर मात्र आहे तेवढेच राहील. आणि त्या अंतराची किंमत भीमा व घोड नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना मोजावी लागेल.